चिंचेच्या जागी वाडी

आमच्या गावात एखादी बाई संध्याकाळी हातात फाईल घेऊन घराबाहेर पडली की लोक दोनच गोष्टी समजतात. एक तर ती बचत गटाचं कर्ज काढायला निघालीय, नाहीतर निवडणुकीला उभी राहतेय. मी यातलं काहीच करत नव्हते, त्यामुळे माझी फार पंचाईत झाली.

काशीदच्या खोल्या भरल्या की जागा न मिळालेले पर्यटक तोंड पाडून आमच्या गावात येतात. अशा तोंड पाडून आलेल्यांसाठी आमच्या घरामागं दोन खोल्या आहेत, आणि जेवण मी करते. बाकी माझं सार्वजनिक जीवन म्हणजे शिमग्याला पालखी दारात आली की ओवाळायची, हळदीकुंकवाला वाणात प्लॅस्टिकचे डबे वाटायचे आणि कोणाच्या घरात काय चाललंय याची माहिती ठेवायची, एवढंच. त्यात शेवटच्या कामात मी पहिल्यापासून हुशार.

फाईल माझ्या हातात दिली ती बाईंनी. बाई म्हणजे वाडीतल्या. तळा तालुक्यातल्या शाळेत शिकवायच्या, निवृत्त झाल्या आणि आईला सोबत म्हणून गावी परत आल्या. आमच्या गावात नुसतं 'वाडी' म्हटलं की बौद्धवाडी समजायची. ती ओढ्याच्या दोन्ही काठांवर पसरलेली आहे, निम्मी घरं अलीकडं, निम्मी पलीकडं, आणि मधे माडाचे दोन ओंडके टाकून केलेला साकव. बाईंची आई पलीकडच्या काठाला राहते.

बाई एकदा माझ्याकडं वड्यांची ऑर्डर द्यायला आल्या आणि ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, पंचायतीचे वॉर्ड नव्यानं पाडणार आहेत. चावडीवर कागद लागेल, हरकतींना मुदत असेल, आणि आपल्या गावात तो कागद फक्त शेळ्या वाचतील."

"मग?"

"मग आपण वाचायचा. आणि लोकांना सांगायचा."

मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतंय. त्या म्हणाल्या, "गावात कोण कुठं राहतं हे कळतं ना? तेवढंच लागतं." स्तुती अशी बरोबर जागी केली की माणूस अडकतो.

तिसरे चाचा. मोहल्ल्यातले. उभा जन्म जहाजावर गेला, आता घरी बसून कंटाळलेले. आणखी माणसं येऊन जाऊन असायची, पण चिकटून राहिलो ते आम्ही तिघं. गटाला नाव ठेवायचा प्रयत्न केला, पण जे नाव सुचवावं ते कुठल्यातरी पक्षासारखंच वाटायचं, म्हणून नाव राहून गेलं. नियम मात्र एक ठेवला. बैठकीत पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव काढायचं नाही. काढलं त्यानं पुढच्या बैठकीला खायला आणायचं. पहिल्या तिन्ही बैठकांना खायला मीच केलं. लोकांना वाटलं मी दिलदार आहे.

गावाचा यावर विश्वास बसेना. पिठाच्या गिरणीत विचारायचे, "वहिनी, कुठून उभ्या राहताय?" मी म्हणायचे, कुठूनच नाही. मग ते एकमेकांकडं बघून मान हलवायचे, म्हणजे गुपित आहे म्हणून. माझा नवरा तर रोज जेवताना विचारायचा.

"तुमचा पक्ष कुठला?"

"कुठलाच नाही."

"म्हणजे अपक्ष."

"अहो, अपक्षसुद्धा नाही."

"मग निवडून आल्यावर कोणाला पाठिंबा देणार?"

हा माणूस स्वतः कधी दुपारचं जेवण आणि झोप झाल्याशिवाय मतदानाला गेलेला नाही. उलट आमच्या सासूबाई. त्यांचं सून म्हणून या गावात पाऊल पडलं तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीला शाळेतल्या केंद्रावर पहिलं मत त्यांचं. शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आदल्या दिवशी लुगडं काढून ठेवतात, केंद्राचं दार उघडायच्या आत पायरीवर जाऊन बसतात, आणि नंतर आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला शाईचं बोट दाखवतात. मत कोणाला दिलं हे त्यांनी सासऱ्यांनाही कधी सांगितलं नाही. पहिलं दिलं एवढंच सांगतात.

सुरुवातीला आम्ही मतदान कसं करायचं ते शिकवत फिरलो. एका वॉर्डात जितके सदस्य तितकी मतं द्यायची असतात, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. एकदा बटण दाबून बाहेर येतात. म्हणून बाईंनी पुठ्ठ्याचं यंत्र केलं. उमेदवार कोण ठेवायचे हा प्रश्न होता, कारण माणसांची नावं घेतली की वडे. शेवटी मासळी उभी केली. पापलेट, सुरमई, बांगडा, आणि सगळ्यात खाली 'यांपैकी कोणीही नाही' म्हणून वांगं. पहिला प्रयोग आमच्या आळीच्या बायकांत केला. वांगं प्रचंड मतांनी आलं. आम्ही तिघं गोंधळून गेलो, मग कोणीतरी सांगितलं की आज गुरुवार आहे. चाचा फार नाराज झाले. म्हणाले, "भाभी, ह्या किनाऱ्यावर बांगडा पडला, असा दिवस बघायचा राहिला होता."

मग चावडीवर कागद लागला. वॉर्ड पाडायचे म्हणजे मासळीवाली टोपलीतले वाटे लावते तसं. वाटे साधारण सारखे पाहिजेत, एकात सगळी मोठी आणि दुसऱ्यात सगळी बारीक असं चालत नाही. आणि दोन वाट्यांमधली हद्द कोणालाही दिसेल अशी हवी, म्हणजे रस्ता, ओढा, असं काहीतरी. कागदावर हे सगळं शब्दांत लिहिलेलं होतं, सोबत बारीकसा नकाशा. लोकांना दाखवायचा तर मोठा हवा.

मोठा कागद कुठून आणायचा? गावात मोठं म्हणावं असं एकच होतं, जुन्या वाढदिवसांचे फ्लेक्स. त्यांची मागची बाजू पांढरी असते. चाचांनी एक धुऊन आणला, मी त्यावर रस्ते काढले, आणि समाजमंदिरात खिडकीवर टांगला. ऊन पडलं तसे रस्त्यांखालून एक साहेब हात जोडून हसायला लागले. देऊळ बरोबर त्यांच्या कपाळावर आलं होतं. बाई म्हणाल्या, "झालं. आता आपण कोणाचे हे गावाला सांगायची गरज उरली नाही." तो गुंडाळला आणि मी खोल्यांसाठी आणलेली नवी पांढरी डबल बेडची चादर काढली. नवरा म्हणाला, "गिऱ्हाईक काय गोणपाटावर झोपणार?" मी म्हटलं, लोकशाहीसाठी एवढं तरी. हे वाक्य मी घरात फार वेळा वापरलं त्या दिवसांत, भाजी करपली तेव्हाही.

चादरीवर घरं मांडायची म्हणजे सगळी घरं ओळीनं आठवली पाहिजेत. त्याला आमच्याकडं सोपी युक्ती आहे. शिमग्याला देवीची पालखी घरोघर फिरते. कोणाच्या नंतर कोणाचं घर, कुठं वळायचं, कुठं टेकायची, हे गावातल्या पोराटोरांना पाठ असतं. सासूबाईंना तर डोळे मिटून. मी त्यांना ओटीवर बसवलं, त्या पालखी चालवत गेल्या आणि मी मार्करनं घरं काढत गेले. देवळापासून निघाले, दीरांच्या घरी आले, पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, ओलांडून आमच्याकडं, मग कोळ्यांच्या आळीला, तिथून वर चिंचेपर्यंत. चिंचेला पालखी वळते. मी चिंच काढली. शाळेत असताना चित्रकलेत मला बक्षीस मिळालं होतं, ते तेव्हापासून वाया गेलेलं होतं. ते सगळं मी त्या चिंचेत घातलं. फांद्या, पानं, खाली सावली, आणि सावलीत एक शेळी.

मोहल्ला पालखीत येत नाही हे मला आठवलं, कारण चाचा समोर बसायचे. तो मी नंतर काढला. मशीदसुद्धा काढली. आणि सगळं झालं म्हणून चादरीवर कागदातली हद्द लाल धाग्यानं टाचली. ती ओढ्याच्या कडेनं सरळ वर जाऊन चिंचेतून निघत होती. अगदी शहाण्यासारखी रेघ, कोणाचं घर मोडत नव्हती, कोणाची आळी तोडत नव्हती. मी आणि चाचा मान डोलावून म्हणालो, हरकत घ्यायचं काही कारण दिसत नाही.

बाई त्या दिवशी आईला दवाखान्यात नेऊन उशिरा आल्या. चष्मा लावून चादरीपुढं उभ्या राहिल्या. घरांच्या ओळीवरून बोट फिरवत चिंचेपर्यंत आल्या.

मग म्हणाल्या, "चिंच फार सुरेख काढलीत वहिनी."

मी लाजले.

"आणि आमची वाडी कुठं आहे?"

मी चादरीकडं पाहिलं. जिथं वाडी असायला हवी तिथं शेळी होती.

एवढी वर्षं मी या गावात राहते. वाडीतल्या बायका आणि मी एका गिरणीवर दळण टाकतो, एका एसटीला हात करतो. पण घरं ओळीनं मांडायला बसले तेव्हा पालखी चिंचेला वळली आणि मीही वळले. चाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांचा मोहल्ला होता म्हणून त्यांनाही काही कमी वाटलं नव्हतं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पुढच्या शिमग्याला आपण पालखीच तुमच्याकडं..."

"पालखी कशाला, वहिनी," बाई म्हणाल्या. "आम्हाला पालखी नकोच आहे. आधी ही रेघ बघू. तुमच्या शेळीच्या पोटातून कुठं जाते ती."

दुसऱ्या दिवशी आम्ही पायी निघालो. बाईंचं म्हणणं, सरकारी नियमाप्रमाणं जाऊ, वायव्य कोपऱ्यापासून सुरुवात. आता आमच्या गावाला कोपरे आहेत पण दिशा नाहीत. आम्ही वर जातो, खाली येतो, दर्याकडं जातो नाहीतर डोंगराकडं. वायव्य म्हणजे कुठं हे विचारत तीन ओट्यांवर चहा झाला. शेवटी चाचांनी घरून होकायंत्र आणलं, डोळा बारीक करून हात लांब केला, आणि गावाचा वायव्य कोपरा म्हणजे माझ्या कोंबड्यांचं खुराडं निघालं. तिथून आम्ही शासकीय कामाला सुरुवात केली. कोंबड्यांनी सहकार्य केलं नाही.

यावेळी चिंचेला वळलो नाही. सरळ पुढं गेलो, ओढ्याच्या अलीकडची घरं मांडली, मग साकवावरून पलीकडं. बाईंची आई दारात भाजी निवडत बसली होती. तिनं विचारलं, "काय मोजताय?"

"घरं," मी म्हटलं.

"हायेत का सगळी जाग्यावर?"

घरी येऊन मी शेळी खोडली, चिंच ठेवली आणि तिच्या भोवती वाडी काढली. मग लाल धागा पुन्हा टाचला. ओढ्याच्या कडेनं गेलेली ती शहाणी रेघ आता वाडीच्या बरोबर मधून जात होती. अलीकडची घरं आमच्याबरोबर एक नंबर वॉर्डात, पलीकडची तीन नंबरमध्ये, डोंगराच्या बाजूच्या पाड्यांबरोबर. कोणी मुद्दाम केलं होतं असं नाही. ओढा दिसला, हद्द केली. नकाशात ओढा निळा असतो आणि माणसं नसतात.

बाईंनी साकवावर बोट ठेवलं. "किती वर्षं मागतोय आम्ही हा. पक्का पाहिजे म्हणून. आता वाडी अशी चिरली तर एक नंबरचा मेंबर म्हणेल पलीकडं तीन नंबर, तिकडं विचारा. तीनवाला म्हणेल अलीकडं एक. हद्दीवरचा साकव कोणाचाच नसतो. आईचं एकदा पाय घसरून पडून झालंय." त्या नेहमीच्या वर्गातल्या आवाजात बोलत होत्या, पण बोट साकवावरून उचलत नव्हत्या.

म्हणजे हरकत घ्यायची हे ठरलं. वाडी अख्खी एक नंबरमध्ये घ्या, एवढंच मागायचं. पण वाटे सारखे राहायला हवेत. पलीकडची घरं आमच्यात आली की आमच्यातली तेवढी दुसरीकडं गेली पाहिजेत. सरळ हिशेबानं जात होती ती देवळाची आळी, दोन नंबरात. आणि देवळाची आळी आणि आमची आळी यांच्या मधे हद्द म्हणून दिसेल अशी एकच गोष्ट, दगडी पाखाडी. तिच्या एका अंगाला थोरल्या दीरांचं घर, दुसऱ्या अंगाला आमचं. शाळा पाखाडीच्या त्या बाजूला.

सासूबाई सकाळी आमच्याकडं चहा घेतात आणि दुपारी झोपायला थोरल्याकडं जातात, कारण आमच्याकडं पर्यटकांची पोरं ओरडतात. त्यांना त्या पाखाडीवर हद्द आहे असं कधी वाटलं नाही. आता मी ती लाल धाग्यानं टाचणार होते.

ती संध्याकाळ मी पेन्सिल घेऊन चादरीवर रांगत काढली. रेघ कोळ्यांच्या आळीतून नेली तर त्यांची आळी तुटत होती. मोहल्ल्यातून नेली तर मशीद एका वॉर्डात आणि अर्धा मोहल्ला दुसऱ्यात. एकदा तर मी फक्त आमचं आणि दीरांचं घर घेऊन एक छोटंसं शेपूट काढलं, हत्तीला असतं तसं. चाचा शांतपणे बघत होते. म्हणाले, "भाभी, दर्या सोडून सगळीकडून फिरवलीत रेघ. आता होडी काढू का?"

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या, आणि त्यांनी मला आग्रह केला असता तर मला बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं. पेन्सिलीचं टोक मोडलं तेव्हा मी धागा पाखाडीवर टाचला आणि अर्जावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर ओटीवर हजर. गावात बातमी एसटीच्या आधी पोहोचते.

"अगं, भावकी तोडायला लोक कोर्टात जातात," ते म्हणाले. "तू फुकटात करून दिलंस."

"दादा, घर कुठं तुटतंय? मतदानापुरतं."

"मतदानापुरतंच तर आपण एकत्र असतो. एरवी बोलतो कधी?"

यावर नवरा हसला, आणि मग दीरही हसले, पण रागानं. जाऊबाईंनी विरजण द्यायचं बंद केलं. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं, की केंद्र कदाचित बदलेल. त्या म्हणाल्या, "कुठं?" मी म्हटलं, वाडीतल्या अंगणवाडीत असू शकेल. त्यांनी सुपातल्या तांदळातला एक खडा काढून टाकला. "पायरी हाय का तिथं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघून येते.

सुनावणीला आम्ही तिघं तालुक्याला गेलो. एसटीत चादर मी मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोणाचं बारसं आहे. साहेबांच्या टेबलावर ती मावेना, म्हणून दोन शिपायांनी दोन टोकं धरली. साहेब तरुण होते आणि थकलेले होते. सकाळपासून ज्यांनी ज्यांनी हरकत घेतली होती ते सगळे आपापल्या आळीत मतं वाढवायला आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्यांनी चादर नीट पाहिली. "हे काय, तलाव?"

मी जवळ जाऊन पाहिलं. "नाही साहेब. सुरमईचं कालवण. मी घरं काढत असताना एका गिऱ्हाइकानं..."

"बरं. आणि ही तुमची वाडी." त्यांनी ओढ्यावरून बोट फिरवलं. बाईंनी त्यांना साकव दाखवला, दोन्ही काठांची घरं दाखवली, कोणाच्या सख्ख्या बहिणी अलीकडं आणि भाऊ पलीकडं, तेही सांगितलं. वाटे कसे सारखे राहतात ते चाचांनी सांगितलं. दोनमधली टोकाची काही घरं तीनला द्यावी लागतील, तेही आम्ही लपवलं नाही.

मग साहेब माझ्याकडं वळले. "तुमचं घर यात कुठलं?"

मी बोट ठेवलं.

"म्हणजे हद्द तुमच्या दारातून जाते. पलीकडं कोणाचं?"

"थोरल्या दीरांचं."

"आणि तुम्हाला हे चालेल?"

"मला चालेल, साहेब. सासूबाईंना चालणार नाही."

चादर धरलेला एक शिपाई हसला आणि त्याच्या हातून टोक सुटलं, तसा डोंगर साहेबांच्या चहावर पडला. माझ्या चादरीवर आणखी एक तलाव झाला. साहेबांनी काहीतरी लिहिलं, बघतो म्हणाले. परत येताना एसटीत बाई म्हणाल्या, "एरवी घर कुठं असं आधी आम्हालाच विचारतात, जात कळावी म्हणून. आज पहिल्यांदा तुमचं विचारलं." मी त्यांना चिक्की दिली.

अंतिम कागद लागला तेव्हा तो शेळ्यांच्या आधी आम्ही वाचला. वाडी अख्खी एक नंबरमध्ये होती. हद्द पाखाडीवरून. बाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि मला म्हणाल्या, "उद्या वडे माझ्याकडून. नाव कोणाचंही न घेता."

पुढं आरक्षणाची सोडत झाली, अर्ज भरले, माघारी झाल्या, ते सगळं गावाला पाठ आहे. गटाचा नियम मी आजही पाळते, म्हणून कोण उभं होतं ते लिहीत नाही. मी नव्हते, एवढं सांगते, कारण गिरणीत अजून विचारतात.

मतदानाच्या दिवशी सासूबाई अंधार असतानाच तयार. नवऱ्याची रिक्षा असल्यामुळे त्याला उठवावं लागलं. तो झोपेत रिक्षा चालवत होता आणि सासूबाई मागं ताठ बसल्या होत्या, अंगणवाडीला पायरी आहे हे मी बघून आल्यामुळे जरा निश्चिंत. आम्ही पोचलो तर पायरीवर बाईंची आई बसलेली.

सासूबाई रिक्षातून उतरल्या आणि थबकल्या. मला तेव्हा लक्षात आलं. वाडीचं केंद्र आधीपासून या अंगणवाडीत होतं, आणि शाळेत जशा आमच्या सासूबाई तशी इथं ही. एकाच गावात दोन पहिल्या.

"या," बाईंची आई म्हणाली, पण उठली नाही.

"लवकर आलात," सासूबाई म्हणाल्या.

"मी कायमच येते. हितं पहिलं मत माझं असतं."

"माझं पन. शाळेत."

"ही शाळा न्हाय."

"वॉर्ड तरी एकच हाय ना आता. माझ्या सुनेनंच केला." आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंनी माझं काम चारचौघांत बोलून दाखवलं, ते या कारणासाठी.

"सून तुमची, पन वाडी आमची."

"मग तुम्ही पुढं व्हा."

"न्हाय, तुम्ही पाव्हण्या. तुम्हीच व्हा."

"मी कशाला? तुम्ही आधी आलात."

आता दोघींनाही पुढं जायचं होतं आणि दोघींनाही दुसरीनं मोठ्या मनानं पाठवायला हवं होतं, म्हणून दोघी पायरीवर घट्ट. बाई आणि मी एकमेकींकडं बघत उभ्या. आम्ही महिनोन्‌महिने गावाला मतदान कसं करायचं ते शिकवत होतो, पण आधी कोणी करायचं हे पुठ्ठ्याच्या यंत्रावर घ्यायचं राहिलं होतं. तेवढ्यात दार उघडलं. आतून कर्मचाऱ्यानं विचारलं, "पुरुषांच्या रांगेत कोण आहे?" रांगेत कोणीच नव्हतं. कडेला भिंतीला टेकून माझा नवरा डुलकी घेत होता. कर्मचाऱ्यानं त्याला हात धरून आत घेतलं, आणि काय होतंय ते कळायच्या आत त्याच्या बोटाला शाई लागली.

तो डोळे चोळत बाहेर आला. पायरीवरच्या दोघी त्याच्याकडं बघत होत्या.

"मेल्या," सासूबाई म्हणाल्या, "दुपारी जेवल्याबिगर कधी आला न्हाईस, आन् आजच तुला घाई?"

"असली कसली पोरं," बाईंची आई म्हणाली. "जरा मागंपुढं बघायचं."

"बघत न्हाय. बापावर गेलाय."

मग दोघी हात धरून उठल्या आणि आत गेल्या. कोण आधी गेलं ते दोघींनीही नंतर कोणाला सांगितलं नाही. गावाला सांगताना दोघी एवढंच म्हणतात, की बायकांत पहिल्या आम्ही.

मत देऊन झाल्यावर बाईंच्या आईनं सासूबाईंना चहाला बोलावलं. घर पलीकडं. सासूबाई साकवापर्यंत आल्या आणि त्या दोन ओंडक्यांकडं पाहत राहिल्या. या गावात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं, पण हा ओढा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. पुढून बाईंची आई, मागून मी, अशा आम्ही त्यांना धरून नेलं. मधोमध ओंडका हलला तेव्हा त्यांनी माझ्या दंडात नखं रुतवली आणि वाडीतल्यासकट सगळ्या देवांची नावं घेतली. पलीकडं पोचल्यावर बाईंच्या आईला पहिलं वाक्य, "ह्याच्यावरनं तू रोज येतेस?"

"मग काय उडत येऊ?"

चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, साखर जास्त घालतेस. तरी दुसरा कप घेतला.

साकवाचं काम अजून सुरू झालेलं नाही. मोजमाप घेऊन गेलेत. एक नंबरचे मेंबर आता आमच्या घरावरून जायचं टाळतात, कारण सासूबाई ओटीवरून विचारतात, "काय रं, साकवाचं?" त्यांना सारखं यायला-जायला पक्का पाहिजे आहे. दुपारची झोप त्या थोरल्याकडं घेतात, जाऊबाईंनी विरजण पुन्हा सुरू केलंय, आणि संध्याकाळी त्यांना चहाला पलीकडं जायचं असतं. मेंबर परवा त्यांना म्हणाले, "आजी, पलीकडचं तुम्हाला कशाला?" सासूबाई म्हणाल्या, "पलीकडं कुठं? एकच तर वॉर्ड हाय."

चादर मी दोनदा उकळून धुतली. कालवणाचा डाग गेला, साहेबांचा चहा गेला. मार्कर पक्का निघाला. ती आता डबल बेडच्या खोलीत घालते, जास्त गिऱ्हाईक आलं की. सकाळी नाश्त्याला एखादा पर्यटक विचारतोच, "ताई, ते चादरीवर झाड कसलं आहे?" मी सांगते, चिंचेचं. आणि त्याच्या भोवतीची घरं कोणाची, तेही सांगते.